हसलं कोण?

"बंद कर ते आधी!" पाटकरी खुर्चीतूनच ओरडला. त्याच्या एका गालाला साबण होता, दुसरा अजून कोरडाच.

न्हाव्यानं फोन बंद केला नाही. उलट बाकावरच्या तिघांकडं वळवला. ते तिघं चौथ्यांदा तेच बघत होते आणि चौथ्यांदाही पोट धरून हसत होते.

फोनमध्ये पाटकरीच होता. खांद्यावर फावडं, छाती पुढं काढून कालव्यावरच्या फळीवरून निघालेला. मधोमध आला आणि फळी कडकन मोडली. एक पाय वर गेला, त्याच्यामागून दुसरा गेला, फावडं हवेत गिरकी घेऊन त्याच्याच टाळक्यात बसलं आणि गडी चिखलपाण्यात पाठीवर आपटला. पाण्यातून आधी टोपी वर आली. माणूस बऱ्याच वेळानं आला.

"चार दिवसांत कुठल्या कुठं गेलंय हे," न्हावी म्हणाला. "माझ्या मेहुण्याला त्याच्या कारखान्यात कुणीतरी दाखवलं. तो म्हणाला, ह्याला मी ओळखतो, तर कुणाचा विश्वास बसेना."

"त्यात हसण्यासारखं काय आहे? माणूस मेला असता."

"मेला नाही म्हणून तर हसतोय ना!" न्हाव्यानं वस्तरा पुसला. "आता खरं सांगू का, राग मानू नका. लोक दिवसभर फोनवर दुसरं बघतात काय? कोण केळाच्या सालीवरून घसरतोय, कोण दारावर आपटतोय. त्यांची भाषा कळत नाही, मुलूख माहीत नाही, पण पडलेला माणूस सगळ्यांना कळतो. त्यातही वाकून चालणारा पडला तर जीव हळहळतो. ताठ चालणारा पडला, की मग आवरत नाही."

पाटकरी ताठ चालायचा, हे खरं होतं. कालव्याचं पाणी शेताशेताला वाटून द्यायचं, हे त्याचं काम. कुणाचं दार किती वाजता उघडायचं, किती वाजता पाडायचं, सगळं त्याच्या हातात. आणि पाणी म्हटलं की चोरी आली. त्यामुळं बावीस वर्षांत त्यानं कुणावर म्हणून विश्वास ठेवला नव्हता. पाळी नसताना कुणाच्या बांधाचं ढेकूळ ओलं दिसलं, तर तो ते हातात घेऊन चुरून बघायचा. कुणी वाटेत राम राम घातला, तरी ह्याला आज माझी आठवण का झाली, असं त्याच्या मनात यायचं.

"पुन्हा दाखव," तो एकाएकी म्हणाला.

न्हाव्याला वाटलं, गडी मऊ झाला. पण पाटकऱ्याचं लक्ष भलतीकडंच होतं. फोनमध्ये आधी नुसती फळी दिसत होती, रिकामी. तो चित्रात आला मागाहून.

"मी यायच्या आधीच कुणीतरी फोन धरून उभं होतं," तो सावकाश म्हणाला. "मी पडणार, हे त्याला ठाऊक होतं."

बाकावरचं हसू थांबलं. तिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि पाटकऱ्यानं त्या तिघांकडं.

त्याच दिवशी त्यानं ते स्वतःच्या फोनवर घेतलं, आणि मग जेवताना, बसताना तो फोन कानाला लावून ऐकायचा. पाण्याचा खळखळाट, वाऱ्याचा घोंघाट, आणि अगदी शेवटी, तो आपटल्यावर, एक हसू. बारीक. हसता हसता मध्येच उचकी लागल्यासारखा श्वास आत ओढलेला, आणि मग पुन्हा हसू. बाईचं म्हणावं की पुरुषाचं, काही कळत नव्हतं.

"हे कुणाचं हसू असेल गं?" त्यानं बायकोला विचारलं.

ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "मला काय माहीत? गावात शंभर माणसं हसतात."

"शंभर हसतात, पण असं एकच हसतं. ते सापडलं की फळी कापणारा सापडला."

"फळी कापली कशावरून?"

"मग आपोआप मोडली?" तो खेकसला, आणि विषय तिथंच संपला. त्या घरात विषय असेच संपायचे.

आता प्रश्न असा, की हसू ओळखायचं तर माणसं हसायला पाहिजेत. आणि पाटकरी दिसला की माणसं गप्प व्हायची. विनोद त्याला एक येत नव्हता. त्यानं गिरणीत जाऊन एक सांगून बघितला, तर गिरणीवाली म्हातारी म्हणाली, "बरं वाटत नाही का तुला?"

तिथून बाहेर पडताना पायरीवरच्या पिठावर त्याचा पाय खरोखरच सटकला, आणि तो दाणकन बसला. म्हातारी हसली, रांगेतल्या बायका हसल्या, गिरणीवाला पट्टा थांबवून हसला. पाटकरी पायरीवर बसल्या बसल्या एकेकाचं हसू ऐकत होता. फोनमधलं हसू ह्यातलं कुणाचंच नव्हतं. सात माणसं एका दणक्यात वगळली गेली.

मग तो मुद्दाम पडायला लागला.

दूध डेअरीत कॅनला अडखळून पडला. शाळेच्या फाटकाला धडकला. बसथांब्यावर बाक आहे असं भासवून जिथं बाक नव्हता तिथं बसला. आधी अंग ठेचून निघालं, मग जमायला लागलं. कंबर वाचवून बूड टेकायचं, हात आधी सोडायचे, आणि तोंड मात्र गंभीर ठेवायचं. तोंड गंभीर असलं की लोक दुप्पट हसतात, हे त्याला आपोआप कळलं. चेहरा त्याचा जन्मापासून तसाच होता.

गावात वेगळंच सुरू झालं. माणसं आपणहून त्याच्याशी बोलायला लागली. म्हातारीनं त्याला बोलावून चहा पाजला. डेअरीवाला म्हणाला, "तुम्ही आलात की दिवस बरा जातो बघा." आणि पाटकरी घरी जाताना विचार करत राहिला, एवढी माया कशाला उतू चाललीय ह्यांची? काय लपवतायत?

तीन आठवड्यांत सगळं गाव हसून झालं. राहिला एकच. मिरचीवाला.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला त्याची अर्ध्या एकराची मिरची होती. फुलावर आली होती. मागल्या उन्हाळ्यात पाळीच्या दोन तासांवरून त्याचं आणि पाटकऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं होतं. पाटकरी त्याच्यापुढं बांधावरून घसरला, तर तो नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी नांगराला अडखळला, तर मिरचीवाल्यानं नांगर बाजूला ठेवला. हसला नाही तो नाहीच.

पाटकऱ्याची खात्री पटली. ज्याला आपलं हसू ओळखलं जायची भीती, तोच हसू दाबणार.

"कालव्यात गाळ साचलाय. तुझ्या दाराला या पाळीला पाणी नाही," त्यानं मिरचीवाल्याला सांगितलं.

"गाळ फक्त माझ्याच दारात साचला?"

"मला कालवा शिकवू नकोस."

"फुलं धरलीत हो," मिरचीवाला म्हणाला. "ऊन बघा कसं पडलंय. आठ दिवस नाही निघायचे."

"मग हस की एकदा," पाटकरी म्हणाला. मिरचीवाल्याला त्याचा काही अर्थ लागला नाही.

ऊन खरंच वाईट होतं. जमीन बोटबोट फाटली. पाचव्या दिवशी मिरचीची पानं दुपारी मान टाकायला लागली, सातव्या दिवशी ती संध्याकाळीही उठेनात. पाटकरी बांधावरून जाताना बघायचा आणि मनाशी म्हणायचा, कबूल कर, लगेच सोडतो.

आठव्या दिवशी सकाळी तो गोठ्यात धार काढायला गेला. मुद्दाम काही नव्हतं. शेणावर पाय पडला, हातातली बादली सुटली, ती धरायला गेला तर गाईच्या पोटाखालून पार पलीकडं निघाला आणि कडब्याच्या पेंढीत डोकं खुपसून अडकला. गाईनं वळून त्याच्याकडं बघितलं.

आणि घराच्या दारातून हसू आलं. बारीक. मध्येच उचकी लागल्यासारखा श्वास आत ओढलेला. मग पुन्हा हसू.

पाटकऱ्यानं डोकं बाहेर काढलं. केसात कडबा. दारात बायको उभी होती, तोंडावर पदर दाबून. त्याची नजर पडली तशी तिचं हसू तोडल्यासारखं थांबलं.



"तू होतीस?"

तिनं मान डोलावली.

"फळी..."

"फळी कुणी कापली नाही. सडली होती. मी तुम्हाला दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुला काय कळतं. म्हणून म्हटलं, फोनवर काढून दाखवावी, मग तरी पटेल. मी फळीच काढत होते. तेवढ्यात तुम्हीच आलात. हाक मारणार, तोवर पडलातही." तिनं तोंडावरचा पदर खाली घेतला. "आधी घाबरले. मग टोपी वर आली आणि... आवरलं नाही मला. तुम्ही वर बघायच्या आत उसात शिरले. धाकट्या बहिणीला तेवढं पाठवलं. तिनं पुढं कुणाकुणाला पाठवलं, मला काय ठाऊक?"

"मग सांगितलं का नाहीस? रोज तुझ्यासमोर बसून ऐकत होतो की."

"कसं सांगणार? तुम्ही म्हणाला असता, मीच कापली."

तो म्हणाला असता. ते त्याला तिथं शेणात बसल्या बसल्या स्पष्ट कळलं. पण त्याहून वाईट एक गोष्ट कळली. सगळ्या गावाचं हसू त्यानं आता पाठ केलं होतं. बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचं हसू त्याला ओळखू आलं नव्हतं. कधी ऐकलंच नव्हतं तर ओळखणार कुठून?

"मिरची," तो एकदम म्हणाला आणि उठला.

"अहो, तोंड तरी धुवा."

तो तसाच निघाला. वाटेत शेवटच्या टोकाकडं पाणी सोडणारं दार पूर्ण वर ओढलं आणि पाण्याच्या पुढं पुढं धावत गेला. पण ते टोक लांब होतं. पाणी यायला तास लागणार होता.

मिरचीवाला बांधावर उकिडवा बसला होता. पायाशी वाळकी फुलं पडली होती. निम्म्याहून जास्त ओळी पिवळ्या पडलेल्या.

पाटकऱ्याच्या मनात आलं, आता पडावं. इथं ढेकळात चांगलं पडता येईल. पडल्यावर गिरणीवाली निवळली होती, डेअरीवाला निवळला होता, हाही निवळेल. त्याचा पाय सवयीनं पुढं सरकलासुद्धा. पण पिवळ्या ओळींकडं बघून त्यानं पाय मागं घेतला.

"गाळ नव्हता," तो म्हणाला. "मला वाटलं, तू माझी फळी कापलीस. तू कापली नव्हतीस. चूक माझी आहे."

मिरचीवाल्यानं त्याच्याकडं वर बघितलं. केसात कडबा, अंगभर शेण. दुसरं कुणी असतं तर हसून लोळलं असतं.

"मला लोक पडलेले बघवत नाहीत," मिरचीवाला म्हणाला. "आमचे वडील विहिरीच्या काठावरून पडले होते. तेव्हापासून."



पाठीमागून पावलं वाजली. बायको आली होती, दोन फावडी घेऊन. एक तिनं नवऱ्याच्या हातात दिलं आणि चांगल्या ओळींकडं जाऊन पाण्यासाठी सरी मोकळी करायला लागली.

मिरचीवाला उठला. "ह्या सहा ओळी वाचतील," तो म्हणाला. "बाकीच्यांत पाणी वाया घालवू नका." आणि त्यानं कोरड्या बाजूला जाणारा पाट पायानं माती ढकलून बुजवला.