निकिताच्या हातावरचे दही

मी एक जुना चिनी मातीचा सट आहे. वर तपकिरी, खाली पांढरा आणि काठाचा एक टवका उडालेला. नाशिकला इंदिरानगरमधल्या सुमनबाईंच्या घरी मी राहतो. माझ्यात दही लावायचे, दुसरे काही नाही. एकदा पाहुणीने चुकून माझ्यात लोणचे भरले, तर सुमनबाईंनी मला धुऊन तीन दिवस उन्हात ठेवले होते. असा माझा थाट!

मित्रांनो, भट्टीत भाजून, पेंढ्यात गुंडाळून मी बाजारात आलो. सुमनबाईंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला घरी आणले. रोज संध्याकाळी कोमट दूध, त्यात आदल्या दह्याचे चमचाभर विरजण आणि वर झाकण. सकाळी वडी कापावी असे घट्ट दही. शेजारच्या कुसाबाई विरजण मागायला आल्या की मी फुगून जात असे.

सुमनबाईंची लेक निकिता परीक्षेला निघो की गावाला, माझ्यातले चमचाभर दही तिच्या हातावर पडायचेच. दही खाऊन निघालेले माणूस सुखरूप परत येते, अशी सुमनबाईंची पक्की समजूत.

मागच्या वर्षी निकिता कामानिमित्त एका गोठ्यावर गेली. तिथे गाईपासून लांब बांधलेले वासरू सारखे हंबरत होते. घरी आल्यावर तिने ताटाजवळचे ताक बाजूला सरकवले. मग दूध, दही, तूप सगळेच सोडले. मला फार राग आला. कुठले कोण वासरू, आणि त्याच्यासाठी ही मला सोडते! "आठ दिवसांचं खूळ आहे," सुमनबाई म्हणाल्या. त्याला आठ महिने झाले. निकिताच्या बाबांपुरते पिशवीतले दही येऊ लागले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे जुन्या मिक्सरशेजारी बसून मी फक्त संध्याकाळ झाली की नाही, तेवढे ओळखत असे. त्या वेळी दुधाची फार आठवण येई.

अशात निकिताला बंगळूरला नोकरी लागली. रविवारी निघायचे ठरले आणि सुमनबाईंचा जीव खालीवर होऊ लागला.

"हातावर काय ठेवू गं तुझ्या?"

"गूळ ठेव ना आई."

"गुळाने माझं समाधान नाही व्हायचं."

सोमवारी त्यांनी शेंगदाणे भिजवले, वाटले, फडक्यातून गाळले आणि ते दूध उकळले. मला खाली काढून घासले. मित्रांनो, तो कोमटपणा अंगाला लागला आणि मी सगळा राग विसरलो. सकाळी सुमनबाईंनी मोठ्या आनंदाने वाटी लेकीपुढे ठेवली.

निकिताने चमचा उचलला आणि थांबली. "आई, विरजण कशाचं घातलंस?"

"विरजण ते विरजण. बाबांच्या दह्यातलं, चमचाभरच."

निकिताने वाटी खाली ठेवली. "मग नाही गं चालणार मला."

"एवढंसंही नाही? माझ्या हातचं?" सुमनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. निकिताही रडली, पण तिने खाल्ले नाही. जन्मभर दह्यानेच दही लावणाऱ्या बाईला ती चूक वाटणार तरी कशी?

दुपारी कुसाबाई आल्या. त्या मूळच्या येवल्याच्या.

"अगं, त्यात रडायचं काय? आमच्या घरी इरजण संपलं ना, की माय मिरचीचे देठ टाकायची. पहिलं दही लय पातळ व्हतं. ते फेकू नको. त्याचंच इरजण लाव, मग बघ."

सुमनबाईंनी शेंगदाण्याच्या ताज्या दुधात मिरचीचे देठ घातले. पहिल्या खेपेला माझ्यात नुसते आंबट पाणी झाले. दुसऱ्या खेपेला थोडे धरले. रविवारी सकाळी झाकण उघडले, तेव्हा दही मऊ, जरासे पाणी सुटलेले, पण दही होते. मला मात्र माझी जुनी घट्ट वडी आठवत होती.

रिक्षा दाराशी आली. निकिताने हात पुढे केला, मग क्षणभर आईकडे पाहिले.

"देठांचं आहे," सुमनबाई म्हणाल्या. "शपथ."

निकिताने ते चाटून पुसून खाल्ले आणि आईच्या गळ्यात पडली.

ती गेल्यावर सुमनबाई मला घासायला घेणार होत्या. पण त्यांनी तळाचे चमचाभर दही खरवडून ठेवले आणि पुन्हा शेंगदाणे भिजवले. आता दर तीन दिवसांनी माझ्यात तेच दही लागते.

"लेक तिकडे, मग हे खाणार कोण?" बाबा विचारतात.

"तुम्ही. विरजण जिवंत राहायला पाहिजे."

बाबा तोंड वाकडे करून खातात.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू, दुधाची ओढ माझ्या मनातून अजून गेलेली नाही. तरी तुम्हाला एक विनवणी करतो. आपल्या माणसाने ताटातले काही सोडले, तर त्याच्यावर रुसून भांडी माळ्यावर टाकू नका. त्याला चालेल असे काही रांधायला शिका. आमच्याकडे निकिता दिवाळीला येणार आहे, आणि परत जाताना ती हात पुढे करील.