अंगावरच्या सोन्याला नाका नसतो

मी एक जुनी पुतळ्यांची माळ आहे. पूर्वी 'एकवीस पुतळ्यांची' असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे. आता नुसतं माळ म्हणते आणि गप्प बसते. का, ते सांगते. पण मित्रांनो, गोड गोष्टीची आशा धरून बसू नका.

पुतळी म्हणजे सोन्याची पातळ चकती, तिच्यावर देवीची मूर्ती ठोकलेली. वाशीमकडच्या एका म्हाताऱ्या सोनाराने माझ्या पुतळ्या एकेक करून ठोकल्या. पहिल्याच पुतळीवर त्याचा हात जरा जड पडला आणि देवीचं नाक चेपलं. ती नकटी पुतळी त्याने तशीच ओवली. सगळ्यांत जास्त लाड पुढे तिचेच झाले, कारण माझी मोजणी नकटीपासून सुरू व्हायची.

नवरीच्या गळ्यात बसून मी तिच्या सासरी, साखरा गावाला निघाले, तेव्हा पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. नदी ओलांडली की करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. शिपायाने गाडीतली भांडी मोजली, लुगड्यांवर जकात घेतली, गुळाची ढेपसुद्धा सोडली नाही. मग नवरीकडे बघून म्हणाला, "जाने दो, अंगावरचं हाय." त्याचा बिचाऱ्याचा चांगुलपणा म्हणा की कंटाळा म्हणा, त्या घराने मात्र त्याची म्हण करून टाकली. 'अंगावरच्या सोन्याला नाका नसतो.' लेकराला अक्षरं शिकवण्याआधी ही म्हण शिकवत.

दुसरी रीत माझी स्वतःची. घरात सून आली की हळदीच्या दिवशी सासूने मला आपल्या गळ्यातून काढायचं, चार बायकांसमोर पुतळ्या मोठ्याने मोजायच्या आणि सुनेच्या गळ्यात घालायचं. मिळालं ते पुरं मिळालं, हे सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे. शालूबाई या घरात आली तेव्हा तिच्या सासूने अशीच एकवीस पुतळ्यांची मोजणी केली होती. त्यानंतर चाळीसेक वर्षं मी शालूबाईची. सणासुदीला गळ्यात, एरवी ज्वारीच्या कोठीत दाण्यांच्या तळाशी. साखरेच्या आजाराने तिचे डोळे गेले, तरी ती कोठीत हात घालून मला बाहेर काढायची, अंगठ्याने नकटी शोधायची आणि मोजायची. आपल्याला कोणी इतकं ओळखावं, याहून दागिन्याला काय हवं असतं?

तिला मुलगा बालाजी आणि लेक साधना. साधना नर्स झाली आणि दुबईच्या एका दवाखान्यात नोकरीला निघाली. निघताना शालूबाईने मला तिच्या गळ्यात घातलं.

"आई, ही सुनेची माळ हाये. बालाजीच्या बायकोची."

"बालाजीचं लगीन व्हईपर्यंत तुजी. परमुलखात एकटं लेकरू जाऊन राहिलं, गळ्यात घरचं कायतरी असू दे. लग्नाला येशील तवा बराबर आणून दे, मंजी झालं."

देशातून निघताना विमानतळावर सांगायचं असतं की हा दागिना माझा आहे, इथलाच आहे, परत आणणार आहे. तसा कागद लिहून घ्यायचा असतो. साधनाला ते कोणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. अंगावरचंच तर होतं!

तीन वर्षांनी बालाजीचं लग्न ठरलं. साधनाने मला हातात घेऊन बघितलं. दोरा मळला होता, पुतळ्यांवर काळपट झाक आली होती. तिचा जीव कळवळला. नव्या वहिनीला असली कळकट माळ कशी द्यायची? तिने मला तिथल्या सराफाकडे नेलं. त्याने मला धुतलं, घासलं, नव्या दोऱ्यात ओवलं आणि मागे गाठीऐवजी तिकडचा शिक्का मारलेला फासा, म्हणजे अडकवायची कडी, लावला. मी अशी झळाळले की काय सांगू! पोरीने सराफाची पावती तिथेच टोपलीत टाकली. इतकी माया आणि इतका बावळटपणा एकाच पोरीत मी पहिल्यांदा बघितला.

परतीच्या विमानतळावर दोन वाटा होत्या. ज्यांना काही सांगायचंय त्यांनी लाल पाटीकडे जायचं, बाकीच्यांनी हिरव्या. साधना मान ताठ ठेवून हिरव्या वाटेने चालली. तिथल्या अधिकारी बाईंनी थांबवलं.

"ही माळ कुठली?"

"आमच्या घरची हाये, मॅडम. माझ्या आईची."

"जाताना नोंद केली होती? काही कागद?"

"अंगावरचं हाये हो. अंगावरच्याला काहून कागद लागतो?"

बाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी फासा उलटा करून शिक्का दाखवला. साधनाने घाईघाईने मोबाइलमधला आईच्या लग्नाचा फोटो शोधून दाखवला. फोटोत शालूबाईच्या गळ्यात मीच होते. काळपट, मळक्या दोऱ्यातली, बिनफाशाची. बाईंनी फोटो बघितला, मग मला बघितलं.

"ही आणि ती एकच, हे मी कशावरून मानू? परदेशातून जकातीविना जेवढं आणायची सवलत आहे, त्यापेक्षा हे सोनं जास्त आहे. लाल पाटीकडे येऊन सांगितलं असतं, तर निदान दंड लागला नसता."

मला ओरडावंसं वाटलं, अगं बाई, नकटी बघ! जगात असं नाक दुसरं नाही! पण दागिन्याला तोंड नसतं. मी जिथली, तिथेच परकी ठरले. मला पिशवीत घालून लाखेची मोहोर लावली आणि साधनाच्या हातात एक चिठ्ठी दिली. तिजोरीत माझ्या शेजारी सोन्याची बिस्किटं होती, कोणी कोणी चोरून आणलेली. चोरांच्या पंगतीत बसायची वेळ माझ्यावर त्या म्हणीने आणली.

पंधरा दिवसांनी बहीणभाऊ मला सोडवायला आले. जकात आणि दंड भरताना साधनाची तीन वर्षांची शिल्लक संपली. तरी कमी पडलं, ते बालाजीने जवळा बाजार गावातल्या एका सोनाराकडून आणलं होतं, आणि सोनाराने बदल्यात दहा पुतळ्या मागितल्या होत्या. आमच्या तालुक्याच्या सेनगावला गेले असते तर बातमी त्यांच्या आधी घरी पोचली असती, म्हणून इतक्या लांबचा सोनार.

परतताना त्या सोनाराने माझा दोरा कापला. बालाजी म्हणाला, "ती चेपलेली अगोदर घ्या."

"न्हाई!" साधना म्हणाली. "आई तिलाच शोधती."

नकटी वाचली. दहा बहिणी गेल्या. लांबी कमी दिसू नये म्हणून मधल्या जागांत मुलाम्याचे मणी भरले. वाटेत बालाजी बहिणीला म्हणाला, "आईला काय सांगू नको. तिला दिसतंय थोडंच?" साधना रडत होती, पण होकाराची मान तिने हलवली. मित्रांनो, मला कापलं ते दुःख मी गिळलं असतं. पण आंधळ्या आईला फसवायला माझाच उपयोग करायचा, हे मला आजही गिळवत नाही.

हळदीला मांडवात बायका दाटल्या, तेव्हाच बालाजीने मला आईच्या गळ्यात घातलं. नवरी वैष्णवीच्या माहेरच्या बायका अगदी पुढे, कान टवकारून. साधना खांबाला धरून उभी. शालूबाईने मला गळ्यातून काढलं, अंगठ्याने नकटी शोधली आणि मोजायला लागली.

"एक. दोन. तीन."

मधे मणी लागला. तिचं बोट क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं. दहा. अकरा. मग फासा लागला. पुढे काही नव्हतं. मग तिने फासा ओलांडला आणि अंगठा पुन्हा नकटीच्या चेपल्या नाकावर आणून ठेवला.

"बारा," शालूबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "तेरा. चौदा."

एकवीसपर्यंत तिने मला दुसऱ्यांदा फिरवलं, वैष्णवीच्या गळ्यात घातलं आणि म्हणाली, "बराबर हाये." साधना मांडवातून निघून आत गेली. शालूबाईने तिला त्या दिवशी काही विचारलं नाही, आजवर विचारलेलं नाही.

तर मित्रांनो, सीमेपार जाताना घरचा दागिना नेणार असाल तर आधी कागद करा, आणि परत येताना लाल पाटीकडे जाऊन खरं सांगा. तिथे लाज जात नाही. लाज जायची वेळ आली ती मांडवात, आणि ती राखायला आयुष्यभर खरं बोललेल्या बाईला खोटं मोजावं लागलं.

आता मी वैष्णवीची. पुढेमागे तिलाही आपल्या सुनेसाठी मला मोजावं लागेल. तिला तर डोळे आहेत.