फौजदाराचं पारणं

आमच्या घरात दिवस मावळला की गॅस बंद. लग्नाला चौतीस वर्षं झाली, गुणमालानं हा नेम एकदाही मोडलेला नाही. मोडायचो मी. सांगलीच्या यार्डात माझा हळदीचा व्यापार. सौदे संपले तरी गप्पा संपायच्या नाहीत, मग मित्रांबरोबर भजी आणि अंधारात मळ्यावर परत. "जैनाच्या पोटाला आलाय आन् रातचं खाताय," ती म्हणायची. मी या कानानं ऐकायचो, त्या कानानं सोडून द्यायचो.

मुलाची, भरतेशची, बदली बेंगळुरूला झाली. तिथल्या फ्लॅटमध्ये त्याचा रॉटवायलर कुत्रा ठेवू देईनात, म्हणून ते पन्नास किलोचं धूड आमच्या गळ्यात पडलं. गड्यांनी त्याचं नाव ठेवलं फौजदार. मी भीतीनं त्याला साखळीनं बांधलं, तर मिरजेचे जनावरांचे डॉक्टर राजवर्धन यांनी मलाच झापलं. "बांधून ठेवाल तर चिडका होईल. राखणीची जात आहे, तिला माणसं लागतात. रोज फिरवा, आणि मारून काही शिकवू नका." मोकळा सोडला, तर तो खरंच कुणाच्या अंगावर गेला नाही. अनोळखी माणूस आला की नुसता फाटकात आडवा उभा राहायचा. तेवढ्यानं काम भागायचं.

त्याचं खाणं आमच्यासारखंच. डाळ-भात, भोपळा, दही, वर डॉक्टरांनी दिलेली पावडर. तेही दिवस मावळायच्या आत. पण मी घरी येईपर्यंत फौजदार त्याला तोंड लावेना, आणि अंधार पडला की गुणमाला ते भांडं म्हशीपुढं रिकामं करायची. कुत्रं वाळायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "आजार काही नाही. हा घरची माणसं मोजतोय. एक कमी भरतंय."

ते एक म्हणजे मी. साडेपाचला यार्ड सोडायला लागलो. आधी फौजदार जेवायचा, मग आम्ही दोघं. तीन महिन्यांत माझी रक्तातली साखर उतरली. गुणमाला मात्र फणकारली, "माझं न्हाई ऐकलं, कुत्र्याचं ऐकलं व्हय!"

मग मिरजेला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दोन दिवसांचं काम, ताप आला म्हणून पाच दिवस लागले. भरतेश रजा काढून माझ्याजवळ, गुणमाला मळ्यावर. रोज तिचा फोन. "आज बी न्हाई खाल्लं. फाटकाकडं तोंड करून पडलाय." मी फोनवरून हाका मारल्या. तिनं माझा सदरा त्याच्यापुढं ठेवला. उपयोग शून्य. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आवं, त्यो उठंना झालाय. डॉक्टर म्हणत्यात, आता जिवावर बेतंल."

मी हट्टानं सुट्टी घेतली. कागदपत्रं होईतो अंधार पडला. मळ्यावर पोहोचलो तेव्हा आठ वाजले होते.

फौजदार हळूहळू उठला. बरगड्या मोजता येत होत्या. त्यानं माझे पाय हुंगले, मग गुणमालाकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं. आणि लटपटत आपल्या भांड्यापाशी जाऊन उभा राहिला. भांडं रिकामं होतं. रोजच्यासारखं दिवस मावळताच तिनं ते म्हशीपुढं ओतलं होतं.

गुणमालानं घड्याळाकडं पाहिलं, देव्हाऱ्याकडं पाहिलं, आणि आत गेली. थोड्या वेळानं कुकरची शिट्टी झाली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, रात्री.

पातळ दहीभात फुंकून गार करून तिनं त्याच्यापुढं धरला. भांडं खाली ठेवलंच नाही, हातातच धरून बसली. तो जेवला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"गुणमाला, तुझा नेम गं," मी म्हणालो.

"पाच दिस उपास केलाय त्यानं, तुमच्यासाटनं," ती म्हणाली. "त्याचं पारणं नगं व्हय कुणी करवायला?"