आबांची जास्तीची ओळ

ऑफिसात तिला सगळे कात्री म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. दुसऱ्याने लिहिलेला दोनशे ओळींचा प्रोग्रॅम ती बघता बघता चाळीस ओळींवर आणायची आणि वर विचारायची, "बाकीच्या काय शोभेला ठेवल्या होत्या?" सगळे हसायचे. ज्याच्या ओळी असत तोही हसायचा, न हसून सांगतो कुणाला.

कंपनी गॅसच्या पेट्या बनवायची. पुस्तकाएवढी पेटी, डोक्याच्या उंचीवर भिंतीला ठोकायची. हवेत विषारी गॅस किती, ते ती दर सेकंदाला आकड्यात दाखवते, आणि आकडा हद्दीबाहेर गेला की कानठळ्या बसवते. पेटीचा प्रोग्रॅम चार ठिकाणी चालवावा लागे. जुन्या पेटीतला बोर्ड, नव्या पेटीतला बोर्ड, कंट्रोल रूमचा संगणक आणि तपासनिसाच्या हातातलं छोटं यंत्र. चौघांच्या चार तऱ्हा, त्यामुळे काम एकच असलं तरी ते चारदा लिहायचं. एका जागी काही बदललं की उरलेल्या तीन जागीही तेच बदलायचं. एक जागा राहिली की बसा बोंबलत.

ती राहू नये म्हणून आबा होते. साठीला टेकलेला हा माणूस नात्याने कुणाचाच आबा नव्हता, पण एकवीस वर्षं एकाच खुर्चीत काढल्यावर ऑफिसने ते नातं परस्पर लावून टाकलं होतं. त्यांच्याकडे एक जाड वही असे. प्रत्येक बदलापुढे चार चौकोन आखलेले. एकेक जागा झाली की पेन्सिलीने एकेक खूण. चार खुणा झाल्याशिवाय आबा जेवणाचा डबा उघडत नसत. कात्री नवीन लागली तेव्हा दोन वर्षं त्यांच्याच शेजारी बसून शिकली. तिच्या चुकांवर ते कधी ओरडले नाहीत. फक्त स्क्रीनवर पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणायचे, "इथं बघ. परत बघ." तिची चूक तिलाच सापडेपर्यंत पेन्सिल हलत नसे.

पण हात तयार झाले तसे ते शिवशिवायला लागले. तेच ते चारदा लिहिणं तिला बघवेना. मग तिने मॅक्रो लिहायला घेतले. मॅक्रो म्हणजे रबरी शिक्का समजा. मजकूर एकदा कोरायचा, त्याला नाव द्यायचं, आणि पुढे जिथे ते नाव लिहाल तिथे संगणक तो सगळा मजकूर आपण होऊन उमटवतो. यंत्रागणिक जे शब्द बदलतात तेवढे फक्त नावापुढे लिहून द्यायचे, शिक्का ते आपल्या मोकळ्या जागांत भरून घेतो. चारदा लिहायची कटकटच मिटली.

चार महिन्यांत अकरा हजार ओळींच्या दोन हजार झाल्या. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. आबांनीही वाजवल्या, वही काखेत धरून. त्यानंतरच्या महिन्यात साहेबांनी आबांना आत बोलावलं. एकच गोष्ट चार जागी नीट उतरवणं हे ज्याचं काम, त्याला आता काम काय? गरज सरली, वैद्य मेला. कात्रीला वाईट वाटलं. पण साहेबांच्या दारापर्यंत काही ती गेली नाही. शेवटच्या दिवशी आबांनी वही तिच्या टेबलावर ठेवली आणि "येतो" म्हणाले. ती वही तिने खणात टाकली.

आठ महिन्यांनी एक माणूस मेला.

इस्पितळांच्या चादरी धुणारा एक मोठा कारखाना होता. तिथे पाणी तापवायला बॉयलर, आणि बॉयलरवर देखरेखीला एक माणूस, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. बॉयलरचं धुराडं तुंबलं आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचायला लागला. या गॅसला ना वास ना रंग. भिंतीवर पेटी होती. पेटीवर शून्य होतं. दुपारी चादरींची गाडी ढकलत एक सोबती दारावरून गेला तेव्हा हा स्टुलावर मान टाकून बसलेला दिसला. सोबत्याने दोन हाका मारल्या, पेटीकडे पाहिलं, शून्य दिसलं, आणि डुलकी लागली असेल म्हणून तो पुढे गेला. परत आला तेव्हा उशीर झाला होता.

त्या कारखान्यात कंपनीच्या सहा जुन्या पेट्या होत्या. जुन्या पेट्यांपैकी कात्रीचा नवा प्रोग्रॅम घातलेल्या तेवढ्याच. चौकशी अधिकाऱ्यांनी सहाही काढून सीलबंद केल्या आणि कंपनीकडे लेखी खुलासा मागितला.

साहेबांचा खुलासा दोन दिवसांत तयार झाला. खापर फोडायला डोकं हवं असतं, आणि ऑफिसात नसलेल्या माणसाचं डोकं सगळ्यात सोयीचं. "जुन्या बोर्डाच्या फाइलीवर नाव कुणाचं आहे? आबांचं," साहेब म्हणाले. "मुळातला दोष त्यांचा. तू नुसता वरून शिक्का मारलास. बाकी तीन यंत्रांवर तुझं काम व्यवस्थित चालतंय की नाही?"

"चालतंय," कात्री म्हणाली.

"मग झालं तर. आता अजून एकशे चाळीस जुन्या पेट्या ठिकठिकाणी लागल्यात, त्यांच्यात आबांचाच प्रोग्रॅम आहे. ती पीडा काढून टाकू. सोमवारपासून सगळ्यांत तुझा घाला."

तिला हायसं वाटलं. पुढे कितीतरी दिवस तिला लाज वाटत राहिली ती त्या सुटकेच्या श्वासाची. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मात्र तिचा पाय अडला. आबांचा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालला तेव्हा पेट्या ओरडत होत्या. तिचा घातल्यावर गप्प झाल्या. हे काही तिला गिळवेना.

शनिवारी सकाळी ती जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमचे कागद घेऊन आबांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. बस म्हणाल्या नाहीत आणि जा म्हणाल्या नाहीत. आबा खिडकीपाशी भिंग घेऊन वर्तमानपत्र वाचत होते. आठ महिन्यांत माणूस निम्मा झाला होता.

"बातमी वाचली मी," ते म्हणाले. "आण इकडे."

कागद मांडीवर पसरून त्यांनी पेन्सिल घेतली. डाव्या हाताला जुना, उजव्या हाताला नवा. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील.

"माझी ओळ कुठाय?"

"कुठली?"

"आकडा आधी वाचून बाजूला ठेवायची. मग तुलना."

"ती जास्तीची होती आबा. बाकी तिघांत नव्हतीच ती. चारही एकसारखे केले तेव्हा काढली."

आबांनी पेन्सिलीचं टोक नव्या कागदावर टेकवलं. "इथं बघ."

तिने पाहिलं. तिचाच शिक्का होता, तिला सगळ्यात आवडणारा. दोन आकड्यांतला मोठा निवडायचा; इथे पहिला म्हणजे शून्य, पेटीने उणे आकडा दाखवू नये म्हणून. पहिला दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर पहिला घे, नसेल तर दुसरा घे.

"परत बघ. आता दुसऱ्या आकड्याच्या जागी 'सेन्सर वाच' घाल आणि मोठ्यांदा वाच."

"पहिला मोठा असेल... 'सेन्सर वाच' पेक्षा, तर पहिला घे. नसेल तर 'सेन्सर वाच'..." ती थांबली. "दोनदा वाचतोय."

"शिक्क्याला काय कळतंय. तू जे देशील ते तो दोन्ही जागी उमटवणार. बाकी तिघांना दहादा विचार, दहादा तोच आकडा सांगतील. जुन्या बोर्डाची चिप तशी नाही. एकदा वाचली की आकडा पुसते. पुढचा सेकंद येईपर्यंत शून्य."

म्हणजे पेटी आधी खरा आकडा बघत होती, त्याची तुलना करत होती, आणि ठेवून घ्यायला म्हणून पुन्हा विचारत होती तेव्हा तिला शून्य मिळत होतं. तेच ती दाखवत होती. स्वच्छ हवेतही शून्यच दिसायचं, म्हणून आठ महिने कुणाला शंका आली नाही.

"कितीही गॅस असला तरी?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"कितीही. तपासलंस कशावर?"

"संगणकावरच्या नकलेवर. जुना बोर्ड शिल्लक नव्हता ऑफिसात."

"नक्कल पुसत नाही," आबा म्हणाले.

काकूंनी पाण्याचा पेला आणून ठेवला. माणसाला भीती वाटली की जसा राग येतो तसा कात्रीला राग आला. "मग लिहून का नाही ठेवलंत? त्या ओळीच्या डोक्यावर एक टीप, एवढंच! ही ओळ का आहे, काढू नका. वहीत तरी होतं का?"

"वहीतही नव्हतं."

"का?"

आबांनी भिंग खाली ठेवलं. काकू दारातच उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"मुद्दाम नाही लिहिलं. अशा सतरा जागा आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हटलं. जोवर हे फक्त मला माहीत आहे, तोवर मला कोण हात लावतंय?" ते हसले की काय, कळलं नाही. "टाळ्या वाजवताना सांगावंसं वाटलं होतं. ओठावर आलं होतं. मग म्हटलं, अडेल घोडं, येतील झक मारत विचारायला. वाट बघत होतो गं. रोज फोन उशाला घेऊन दुपारी पडायचो."

"अहो," काकू म्हणाल्या.

कात्रीला ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने? त्यांनी ओळीचं कारण सांगितलं नाही, कारण त्यांना नोकरीत राहायचं होतं. तिने विचारलं नाही, कारण विचारायला जाणं म्हणजे आबा अजून लागतात हे कबूल करणं होतं. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. दोघांपैकी कुणीही केला असता तरी चाललं असतं.

"माझ्या नावावर राहू दे," आबा म्हणाले. "मला आता काय, मेलेल्या कोंबड्याला आगीचं भय नसतं. तुझं आयुष्य जायचंय अजून."

"नाही राहू देता येत. दोष तुमच्या नावावर गेला की सोमवारी एकशे चाळीस पेट्यांत माझा शिक्का जाईल."

ती उठून निघाली तेव्हा ते कोऱ्या कागदावर एक ते सतरा आकडे घालत होते.

तिथून ती थेट ऑफिसात गेली. ओळ परत घातली आणि वर टीप लिहिली. प्रोग्रॅममधली टीप संगणक वाचत नाही, तो ती ओलांडून पुढे जातो. ती पुढे येणाऱ्या माणसांसाठी असते. तिने लिहिलं: जुनी चिप एकदा वाचली की आकडा पुसते, म्हणून ही ओळ. ही काढल्यामुळे एक माणूस गेला. काढणारी मी. खाली स्वतःचं पूर्ण नाव.

संध्याकाळी आबांचा फोन आला. तिने टीप वाचून दाखवली.

"अर्धीच आहे," ते म्हणाले. "लिही. कारण ठाऊक असून न सांगणारा मी. आणि माझं नाव घाल. आबा नको, पूर्ण घाल."

सोमवारी साहेबांनी ती टीप उभ्याउभ्याच वाचली. एकशे चाळीस पेट्यांचं काम त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं, तेवढं माप त्यांच्या पदरात टाकायला हवं. मग दार लावून घेतलं. "ओळ ठेव. टीप काढ. हे असलं कुणी लेखी देतं का? कोर्टात सगळ्यांना घेऊन बुडशील."

"टीप काढली तर ही ओळ पुन्हा जास्तीची दिसेल साहेब. माझ्यासारखी आणखी कुणी येईल."

"तुला कात्री म्हणतात ना? मग काप एवढं."

तिने कापलं नाही. दुपारी तिने ओळ आणि टीप छापलेला कागद आणि आबांनी रविवारी लिहून दिलेली सतरा जागांची यादी चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून तिला ऑफिसात प्रवेश नव्हता.

सुनावणी एका लांबट खोलीत झाली. लाकडी बाकं, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. बॉयलरवाल्याची बायको पुढच्या बाकावर होती, सोबत तिची जाऊ. अधिकाऱ्यांनी टीप वाचली, चिप काय, शिक्का काय, ते समजावून सांगितलं. बाईने मध्येच हात वर केला.

"मला बघायचीय ती ओळ."

अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. बाईला त्यातलं काय कळणार? तिने तो कात्रीकडे सरकवला. "दाखवा."

कात्रीने बोट ठेवलं. बाईने तिचं बोट बाजूला सारलं आणि तिथे स्वतःचं ठेवलं. ओळ त्या बोटाखाली सगळी झाकली गेली.

"एवढीच?"

"हो. एवढीच."

"मला वाटत होतं, काहीतरी मोठं असणार," बाई म्हणाली. मग तिने टिपेतली नावं अक्षर लावून वाचली. "हे दुसरे कोण?"

मागच्या बाकावरून आबा उठले. काकूंनी त्यांचा हात धरला होता, तो त्यांनी सोडवून घेतला. "मी."

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. कात्रीला वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाईने कागदाची घडी घातली, त्या घडीची आणखी एक घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"हा मी नेते. पोरी विचारतात, कशाने गेले म्हणून. थोड्या मोठ्या झाल्या की वाचून दाखवीन."

अधिकारी म्हणाले, तो कागद पुराव्यातला आहे, नेता येणार नाही. बाईने पर्सची चेन लावली आणि ती जावेबरोबर बाहेर गेली. तिला कुणी अडवलं नाही.