धुतलेले पाय

"बाबा, कातडी निघून जाईल नं!" मोरीत बसलेल्या सहा वर्षांच्या दीक्षाने पाय ओढून घेतला. प्रशिकने तो परत धरला आणि टाचेवर कपड्यांचा ब्रश चालवला.

प्रशिक पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. हुडकेश्वरातल्या निम्म्या घरांचं पाणी त्याच्या हातून शुद्ध झालेलं. काम संपलं की काही घरं त्याला त्याच फिल्टरचं पाणी कागदी कपात देत. कागदी कप सगळ्यांनाच देतात की आपल्यालाच, हे विचारायची सोय नसते. त्यामुळे संशय हा त्याचा जोडधंदा होऊन बसला होता.

आज नवमी. वरच्या मजल्यावरच्या पुष्पलताकाकू सकाळीच दारात येऊन गेल्या. "दामिनी, दीक्षाले पाठव वं. कन्यापूजनाले नऊ पोरी लागतात, आठच जमल्या."

गेली दोन वर्षं बोलावलं नव्हतं, तेव्हा प्रशिकला कारण माहीत होतं. आता बोलावलं, तर कारण सापडेना.

"आपण कोण, हे माहीत असून बोलावून राहिली का माहीत नसून?" त्याने बायकोला विचारलं. "नागपुरात राहून दीक्षा नावावरून समजलं नसंल?"

"आठाच्या नऊ करून राहिली ते," दामिनी म्हणाली. "उद्या दीक्षाभूमीवर चाललोच आहो. आज पुरी-शिरा खाऊन येऊ द्या पोरीले."

"तिथं पोरीयचे पाय धुतात. हातानं."

"मंग?"

"मंग काय! कोणाले बोलाले जागा नको."

म्हणून ब्रश.

पोरीला जातीबद्दल सांगायचं, हे त्याने ती शाळेत गेल्यावर ठरवलं होतं. मग पहिलीत गेल्यावर. आता सहामाही झाल्यावर. एकदा सांगितलं की तीही प्रत्येक कपाकडे त्याच्यासारखी बघायला लागणार, ही भीती होती.

तासाभराने दीक्षा परतली. डोक्यावर लाल चुनरी, हातात नवा डबा.

"काकूनं पाय धुतले?" प्रशिकने दारातच विचारलं.

"सगळ्यायचे धुतले, परातीत. माहा नंबर आला तं म्हणे, तुहे तं चकाचक आहेत वं! अन् नुसते वरून फुलं टाकले."

"शेवटचा नंबर असंल," दामिनी घाईने म्हणाली. "थकली असंल बाई."

असेल. नसेलही. पुरावा प्रशिकने स्वतःच सकाळी मोरीत धुऊन टाकला होता.

डब्याचं झाकण उघडबंद करत दीक्षा म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी मी मातीत खेळून जाईन. मंग धुतील नं?"

प्रशिक आत गेला. परात आणली, फिल्टरचा नळ सोडून तांब्या भरला.

"आता हे काय करून राहिले तुम्ही?" दामिनी म्हणाली.

तो फरशीवर मांडी घालून बसला. "ठेव पाय, दीक्षा. तुले एक गोष्ट सांगतो."

"राजाची?"

"नाही. आपली."

जिन्याच्या धुळीने मळलेला एक पाय तिने परातीत ठेवला. दुसरा वरच धरून ठेवला.

"पहिले गोष्ट," ती म्हणाली.