पाड्यावरचं पिवळं कार्ड

२०१७ सालची होळी. शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावर डॉक्टर सविता सिकलसेलची तपासणी करायला आली. वरणगावच्या कारखान्यातल्या कामगाराची ही लेक, जेमतेम तिशीची. सोबतच्या कुंदाबाई नर्सचे केस नोकरीतच पिकलेले. रक्ताचा हा आजार आईबापांकडून लेकरांत उतरतो, सांधे दुखून पोरं कळवळतात, आणि पाड्यावर त्याला बाहेरची बाधा म्हणतात, हे कुंदाबाई वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या.

गुजरातेत कामाला गेलेली माणसं होळीपुरतीच घरी येत. तेवढ्या तीन दिवसांत तीनशे जणांचं रक्त मिळालं नाही, तर इथली तपासणी कायमची बंद, असं मोहिमेचे प्रमुख हितेंद्रसाहेब बजावून गेले होते.

पहिल्या दिवशी नऊ जण आले. दुसऱ्या दिवशी रांग शाळेच्या कुंपणाबाहेर गेली.

"अक्का, काय जादू केलीत?" सविता हरखली.

कापसाचे बोळे करता करता कुंदाबाई म्हणाल्या, "आजार नसूनही ज्याच्या रक्तात त्याचा दोष असेल त्याला आपण पिवळं कार्ड देतो ना, ते रेशनचं समजलेत. मी काही बोलले नाही."

"बोलूही नका," जीपमधून उतरता उतरता साहेब म्हणाले. "रक्त रक्तच असतं."

"उद्या हे कार्ड घेऊन रेशन दुकानातून हाकलले गेले, की परवा माझ्यापुढे कोण बोट धरील, साहेब?" सविता म्हणाली.

"मग सांग जा. आणि सामान बांधायला घे."

सविता बाकावर चढली. या कार्डावर गहू नाही, तांदूळ नाही, म्हणाली. नवरा-बायको दोघं पिवळ्या कार्डाचे निघाले तर लेकराला आजार होऊ शकतो, एवढंच यातून कळेल.

"मंग सुई कसाले टोचस?" कुणीतरी ओरडलं. रांग हसत हसत पांगायला लागली.

भिकुबाई तेवढी नातीचा, भूमिकाचा हात धरून पुढे आली. "हिना पाय दुखतस, रडी रडी पडस. भगत म्हनस बाहेरनं शे. तुले काय वाटस?"

"मला अजून माहीत नाही, आजी. रक्त पाहून सांगते."

म्हातारी पांगणाऱ्या रांगेकडे गर्रकन वळली आणि सगळ्यांना हाताने बोलावू लागली. "आयका रे! 'माहीत नही' म्हननारी डॉक्टरीण पहिल्यांदा भेटनी! बठ्ठा या आठे. गहू पाहिजे त्यानी वाण्याकडे जावो!"

तिसऱ्या दिवसाअखेर एकशे सत्तेचाळीस झाले. साहेबांची जीप सामान न्यायला आली. उभ्या जन्मात कुणाला उलटून न बोललेल्या कुंदाबाई सूक्ष्मदर्शकाच्या पेटीवर जाऊन बसल्या.

"उरलेल्यांचं झाल्याशिवाय पेटी हलणार नाही."

"बाई, नोकरी जाईल!"

"निवृत्तीला चौदाच महिने उरलेत, साहेब. लागत असतील तर तेही घेऊन जा."

जीप रिकामीच घाट उतरली.

तपासणी चालू राहिली. नोकरीही गेली नाही. कुंदाबाईंची बदली नरडाण्याला झाली, आणि त्या तिथूनच निवृत्त झाल्या. भूमिकाला आजार निघाला. रोजची गोळी घेते, शिरपूरला बारावीत आहे. भिकुबाई स्वतः पिवळी निघाली, ते ती बाजारभर सांगत फिरली. करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेली. हितेंद्रसाहेब बढतीवर गेले, भाषणात त्या पाड्याचं नाव आवर्जून घेतात. सविता मात्र अजून पाड्यांवरच असते. तिथल्या सहा पाड्यांत आता बाळ जन्मलं की आधी त्याच्या टाचेचं रक्त तपासायला घेतात, आणि घेण्याआधी आईला सगळं खरं सांगतात.