शेवटच्या रांगेमागची खुर्ची

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. १९२४ साली रत्नागिरीच्या गंगाराम सुतारांनी मला घडवले, वेताने विणले आणि मास्तर तयार करणाऱ्या विद्यालयात पोचवले. तिथे शिकणारे होणारे मास्तर लहान मुलांना शिकवून सरावाचे पाठ घेत. त्यांची परीक्षा घेणारे हरिहरपंत, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, शेवटच्या रांगेमागे माझ्यावर बसत.

अण्णांच्या वहीत दोन रकाने होते: मुलांना काय कळले आणि मास्तराची वृत्ती कशी आहे. मागून मला मुलांच्या फक्त माना दिसत. अण्णांनाही तेवढेच दिसत असणार. मग मास्तराचा आवाज खणखणीत असला की दोन्ही रकाने चांगले भरत. पाहुणे माझ्या भक्कमपणाचे कौतुक करीत, पण होणारे मास्तर मला पाहून घामाघूम होत. मला त्याचे वाईट वाटे.

१९३१ साली मंडणगडकडचा भागोजी आला. घरची शेती, वडील मुंबईला गिरणीत. तो खाली बघून हळू बोले. पहिल्या दोन्ही पाठांना अण्णांनी शेरा दिला, 'वृत्ती उदासीन.' तिसऱ्यांदा तोच शेरा मिळाला तर त्याला घरी जावे लागणार होते.

तिसऱ्या पाठाला त्याने एक जांभ्याचा आणि एक काळा दगड आणला. दोन्हींवर पाणी ओतले आणि मुलांना जवळ बोलावले. काय बोलला ते मागे ऐकूच आले नाही. अण्णांनी दौतीत टाक बुडवला. आता तोच शेरा उतरणार, असे मला वाटले. पण काहीच ऐकू येईना म्हणून अण्णा थांबले, उठले, मला उचलून फळ्याशी घेऊन गेले आणि मुलांकडे तोंड करून बसले.

सात वर्षांत मी पहिल्यांदाच मुलांचे चेहरे पाहिले. सगळी दगडांवर ओणवी झाली होती. जनी नावाची मुलगी जांभ्याच्या भोकात बोट घालत होती.

पाठ संपल्यावर अण्णांनी मुलांना विचारले, चैत्रात विहिरी का आटतात?

जनी म्हणाली, "जांभ्याला आरपार भोकं असतात. पाणी त्यातून खाली जातं, वर थांबत नाही. काळ्या दगडावर थांबतं."

बाकीच्यांनीही आपापल्या विहिरींचे सांगितले. मग अण्णांनी भागोजीला विचारले की तू मोठ्याने का बोलत नाहीस.

भागोजी म्हणाला, "मोठ्यानं बोललो की पोरं माझ्या तोंडाकडे बघतात, अण्णा. मला त्यांनी दगडाकडे बघायला हवं होतं."

अण्णांनी पुन्हा वही उघडली. मग त्यांनी आधीचे दोन्ही शेरे खोडले आणि त्याला पास केले. भागोजी पडवीच्या पायरीवर बसला आणि तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मलाही हलके वाटले.

त्याच आठवड्यात अण्णांनी मागच्या वर्षीची वही काढली. याच शेऱ्यावर घरी पाठवलेल्या अंजनवेलच्या धाकूला त्यांनी पत्र लिहिले, की चूक माझी होती, ये आणि पुन्हा पाठ घे. पंधरा दिवसांनी धाकू आला. तोही पास झाला.

पुढे माझा वेत फाटला आणि वर्षभर मी अडगळीत होते. अण्णांनीच मला पुन्हा विणून घेतले. मित्रांनो, तुम्हीही मोडके सामान फेकू नका, दुरुस्त करा. आणि कधी कुणाची परीक्षा घ्यायची वेळ आली, तर त्याच्याकडून शिकणाऱ्यांचे चेहरे आधी पाहा. तरीही शेरा चुकलाच, तर पत्र लिहायला लाजू नका.